धुराडी

हेस्टशेर म्हणजे घोड्याचा खडक.
घोडा एकही नाही.
विचारलं तर सिक्स्टन म्हणतो, "होता. पोहत गेला."
कधी, ते सांगत नाही.

पिवळी फेरी आठवड्यातून तीनदा,
वारा असला तर दोनदा,
पाण्यावर बर्फ धरू लागला की देवाच्या मनात येईल तेव्हा.
मी ऑगस्टात आले, आठ दिवसांसाठी,
एक बॅग, दोन पुस्तकं,
आणि कुणाशी बोलायचं नाही असं पक्कं ठरवून.
उतरल्यावर कळलं, एवढं ठरवायची गरज नव्हती.

इथे वाटेत कुणी भेटलं तर एक बोट वर होतं,
ट्रॅक्टरच्या चाकावरून, वल्ह्यावरून,
बादलीच्या कडीवरून.
एक बोट म्हणजे ठीक चाललंय.
अख्खा हात मी एकदाच पाहिला,
व्हेगाच्या लेकीला मुलगा झाला तेव्हा,
तोही अर्धाच उचललेला.

दुकान दहा ते बारा.
मीठ, जाळ्याचा दोरा, कॉफी, रबरी बूट डाव्या पायाचा एक
(उजवा कुणी नेला, त्याची चर्चा अजून चालू आहे, म्हणजे
दोन वर्षांत चार वाक्यं).
गुर्ली उधारी लिहीत नाही.
"माणसं ती किती. राहतं लक्षात."
तिनेच शिकवलं, बटाटे समुद्राच्या पाण्यात उकडायचे
आणि वर मूठभर शेपू.
शेपू! लहानपणी ताटाखाली लपवत होते मी ती भाजी.
इथे दुसऱ्यांदा वाढून घेतली.

आठाचे सोळा झाले. पुढे मोजले नाहीत.
"किती दिवस राहणार?" कुणी म्हणून विचारलं नाही.
फक्त एका सकाळी दाराशी
बर्चची फोडलेली लाकडं, छातीभर उंच, नीट रचलेली.
कुणाची, किती पैसे,
मी घरोघर विचारत फिरले.
सगळ्यांनी लाकडांची तारीफ केली.
ती आणली कुणी, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

नोव्हेंबरात दिवस तीनलाच मिटतो.
बेट म्हणजे मग अकरा खिडक्या
आणि मधला काळोख, ज्याला प्रत्येकजण
नावानिशी ओळखतो.

त्या महिन्यात मला ताप भरला.
रात्रभर अंगात कणकण, सकाळी उठवेना,
शेगडी थंडगार, पेल्यातल्या पाण्याला साय आल्यासारखा पापुद्रा.
साडेनऊ वाजले असतील.
दार वाजलं नाही, उघडलं.
सिक्स्टन. टोपीवर हिम.
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
गुडघे टेकून बसला, राख ओढली,
सालपटं, काडी, फुंकर,
आणि विस्तव धरेपर्यंत तसाच बसून राहिला,
जणू माझ्या घरात
त्याचं काम आहे ते शेगडीशी.
जाताना टेबलावर काळा पाव ठेवला.
दारात थांबून म्हणाला,
"धूर नव्हता."
एवढंच.

बरी झाल्यावर एकदा गुर्लीला विचारलं.
ती म्हणाली, नवरा गेल्यापासून
रुनारच्या धुराड्याकडे ती बघते,
रुनार व्हेगाच्या, व्हेगा पुजाऱ्याच्या रिकाम्या घराच्याही,
"सवय आहे, मोडत नाही."
आणि तराजूत कांदे टाकत राहिली.

तेव्हापासून मीही उठल्या उठल्या
खिडकीची काच बाहीने पुसते.
रुनारचा धूर सरळ, म्हणजे वारा पडलाय.
व्हेगाचा काळपट, ओलं लाकूड जाळते, ऐकत नाही.
सिक्स्टनचा उशिरा,
आणि त्या उशिरापर्यंत
माझी कॉफी हातात निवत जाते.

सात, आठ, नऊ. गुर्ली दहा.
पुन्हा मोजते. दहाच.
बूट शोधते, कोट अर्धा अंगात,
आणि दारापाशी लक्षात येतं,
अकरावं माझं.
ते मला इथून दिसत नाही.